आधुनिक समाजातील धर्माची भूमिका कशी अभ्यासावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्र, इतिहास किंवा धर्म-अध्ययन या वाटांनी या विषयाकडे वळणारे विद्यार्थी, तसेच कोणतीही पदवी मिळवायची नसूनही ज्यांना हा विषय मनापासून समजून घ्यायचा आहे असे वाचक, काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही प्रश्न दोन-तीन वाक्यांत संपतात. काहींवर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे, आणि तेथे तो वाद सांगणे हेच उत्तर आहे.

या विषयात नेमके काय अभ्यासले जाते?

माणसांच्या एकत्र जगण्यात धर्म काय काम करतो, हे अभ्यासले जाते. ईश्वर आहे की नाही, एखाद्या ग्रंथातील वचन सत्य आहे की नाही, हे येथे ठरवायचे नसते. ते वचन प्रमाण मानणारी माणसे विवाह कसे ठरवतात, मुलांना काय शिकवतात, मत कोणाला देतात, शोकाच्या प्रसंगी कोणाचा आधार शोधतात, परक्या माणसाशी कसे वागतात आणि शासनाकडून काय अपेक्षितात, हे पाहायचे असते.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, आणि ती बहुधा विसरली जाते. छापखाना, कारखाना, सार्वत्रिक शिक्षण, महानगर, राष्ट्रराज्य यांनी धर्मालाच बदलले आहे. धर्म अनादी काळापासून जसाच्या तसा उभा आहे आणि आधुनिकता त्याच्यावर बाहेरून येऊन आदळते आहे, असे चित्र मनात धरून अभ्यासाला बसणारा पहिल्याच पायरीवर चुकतो. विशिष्ट परिस्थितीत पोपने केलेले धर्मविषयक विधान चूक असू शकत नाही, हा सिद्धांत आज कॅथलिक परंपरेचा प्राचीन भाग वाटतो. चर्चने तो औपचारिकरीत्या घोषित केला १८७० साली, म्हणजे रेल्वे आणि तारायंत्राच्या काळात. 'मूलतत्त्ववाद' असे ज्याचे आपण भाषांतर करतो त्या संज्ञेचा उगमही अमेरिकेत १९१० ते १९१५ या काळात छापून लाखोंनी वाटलेल्या पुस्तिकांशी जोडलेला आहे. जे सर्वांत जुने असल्याचा दावा करते, ते पुष्कळदा आधुनिक काळाचे अपत्य असते.

हा अभ्यास करण्यासाठी श्रद्धावान असावे लागते का? की नसलेलेच बरे?

दोन्ही अटी नाहीत. अभ्यासकाने आपली श्रद्धा किंवा अश्रद्धा सोडावी अशी अपेक्षा नसते. अभ्यासापुरता मात्र तिच्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, एवढे पथ्य असते. ब्रिटिश अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी यासाठी पद्धतीपुरत्या अज्ञेयवादाची भूमिका मांडली. पारलौकिक सत्याविषयीचा निर्णय स्थगित ठेवायचा आणि त्या सत्यावर विश्वास असलेल्या माणसाचे जग त्याच्या जागी उभे राहून पाहायचे, असा तिचा आशय आहे. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात श्रद्धावानाला आपल्या धर्मातील हिंसेची नोंद निर्विकारपणे करणे जड जाते, आणि अश्रद्धाला प्रार्थनेत डोळे पाणावलेल्या माणसाचा अनुभव 'भ्रम' हा शब्द न वापरता लिहिणे जड जाते. दोघांनाही सारखेच शिकावे लागते.

धर्मशिक्षण आणि धर्माविषयीचे शिक्षण यांत काय फरक आहे?

धर्मशिक्षणाचा हेतू त्या धर्माचा अनुयायी घडवणे हा असतो, तर धर्माविषयीच्या शिक्षणाचा हेतू जाणकार घडवणे हा असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली सरकारी शाळांतील सक्तीचे बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले, तेव्हा त्याच निकालपत्रात हेही नोंदवले की धर्माचा वस्तुनिष्ठ अभ्यास शिक्षणाचा भाग असण्यास कोणतीही आडकाठी नाही. त्यानंतर तेथील सार्वजनिक विद्यापीठांत धर्म-अध्ययनाच्या विभागांना मोठीच चालना मिळाली.

'धर्म' या शब्दाची व्याख्या काय?

सर्वमान्य व्याख्या नाही. याचा अर्थ व्याख्येचा विचार टाळावा असा मात्र होत नाही, कारण व्याख्या बदलली की अभ्यासाचा विषयच बदलतो.

एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये 'आत्मिक सत्तांवरील विश्वास' अशी अगदी किमान व्याख्या केली. तिच्यात श्रद्धेला मध्यवर्ती स्थान आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम यांनी १९१२ साली तिला छेद दिला. बौद्ध परंपरेचे उदाहरण देऊन त्यांनी दाखवले की ईश्वर किंवा देवता यांच्यावर आधारलेली व्याख्या पुरत नाही. त्यांच्या मते पवित्र मानलेल्या, म्हणजे सामान्य व्यवहारापासून वेगळ्या काढून ठेवलेल्या गोष्टींभोवती गुंफलेल्या समजुती आणि आचार जेव्हा माणसांना एका नैतिक समूहात बांधतात, तेव्हा तेथे धर्म असतो. येथे भर समूहावर आहे. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६६ मध्ये प्रतीकांवर भर दिला : धर्म ही अशी प्रतीकव्यवस्था आहे, जी माणसात खोल आणि टिकाऊ भाववृत्ती निर्माण करते आणि जगाच्या रचनेविषयीच्या काही कल्पना त्याला वास्तवाइतक्या खऱ्या वाटायला लावते. पुढे १९९३ मध्ये तलाल असद यांनी या सर्वांनाच प्रश्न विचारला. त्यांचे म्हणणे असे की धर्माची सार्वकालिक व्याख्या शोधणे ही धडपडच युरोपच्या विशिष्ट इतिहासातून, प्रॉटेस्टंट वळणाच्या ख्रिस्ती अनुभवातून आलेली आहे. धर्म म्हणजे मुळात मनातील श्रद्धा, हे गृहीतक जगातील अनेक परंपरांना लागू पडत नाही.

असद यांचा आक्षेप मराठी वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. आपल्या भाषेतील 'धर्म' हा शब्द कर्तव्य, स्वभाव, नीती आणि नियम असे अनेक अर्थ पोटात घेऊन येतो. अग्नीचा धर्म जाळणे असे आपण म्हणतो, तेव्हा तेथे उपासनेचा संबंध नसतो. पंथ, संप्रदाय, मत, उपासना यांसाठी आपल्याकडे वेगळे शब्द होते आणि आहेत. एकोणिसाव्या शतकात 'रिलिजन' या युरोपीय संकल्पनेसाठी 'धर्म' हा प्रतिशब्द रूढ झाला आणि दोन अर्थ एकमेकांत मिसळले. जपानी भाषेतही असेच घडले. पाश्चात्त्य देशांशी एकोणिसाव्या शतकात करार करण्याची वेळ आली, तेव्हा या संकल्पनेसाठी नेमका शब्द सापडेना, आणि 'शूक्यो' हा पूर्वी मर्यादित बौद्ध अर्थाने वापरला जाणारा शब्द हळूहळू त्या जागी रुळला.

माझे मत असे की नव्या अभ्यासकाने एक व्याख्या निवडून तिच्याशी एकनिष्ठ राहण्यापेक्षा तीन गोष्टी मनात स्वतंत्र ठेवाव्यात : माणूस काय मानतो, काय करतो आणि स्वतःला कोणत्या समूहाचा म्हणवतो. श्रद्धा, आचरण आणि आपलेपणा. या तिन्ही गोष्टी एकत्रच नांदतात असे आपण धरून चालतो, आणि धर्माविषयीच्या सार्वजनिक चर्चेतील बहुतेक गोंधळ तेथून सुरू होतो. या पुढच्या अनेक उत्तरांत हा भेद पुन्हा पुन्हा येईल, कारण त्याच्याशिवाय ती उत्तरे देताच येत नाहीत.

विज्ञान आणि शिक्षण वाढले की धर्म ओसरतो, हे सिद्ध झाले आहे का?

या एका प्रश्नाने या ज्ञानशाखेचा निम्मा इतिहास व्यापला आहे. या प्रक्रियेला लौकिकीकरण असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक विचारवंतांना धर्माचा ऱ्हास अटळ वाटत होता. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९१७ च्या एका व्याख्यानात आधुनिक काळाचे वर्णन 'जगाचे निर्जादूकरण' अशा आशयाच्या शब्दांत केले : तत्त्वतः सर्व काही गणिताने कळू शकते असे मानले गेले की गूढ शक्तींना विनवण्याची गरज उरत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांनी १९६८ साली एका वृत्तपत्राला असे सांगितले होते की एकविसाव्या शतकात श्रद्धावान माणसे लहान लहान पंथांतच काय ती आढळतील. त्याच बर्गर यांनी १९९९ मध्ये आपली भूमिका जाहीरपणे मागे घेतली आणि जग पूर्वीइतकेच, काही ठिकाणी पूर्वीपेक्षाही अधिक, धार्मिक असल्याचे लिहिले. ज्या सिद्धांताने नाव मिळवून दिले तो चुकला असे स्वतः लिहिणारे विद्वान विरळ असतात, म्हणून ही घटना विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावीशी वाटते.

मधल्या तीस वर्षांत बरेच काही घडले होते. एकट्या १९७९ या वर्षात इराणमध्ये इस्लामी क्रांती झाली, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या पोलंडभेटीत साम्यवादी राजवटीच्या डोळ्यांदेखत प्रचंड जनसमुदाय लोटला, निकाराग्वाच्या क्रांतीत अनेक धर्मगुरू सामील झाले आणि अमेरिकेत पुराणमतवादी ख्रिस्ती गट राजकारणासाठी संघटित झाले. होजे कासानोवा यांनी १९९४ मध्ये या गुंत्याची उकल केली, ती आजही उपयोगी पडते. लौकिकीकरण या एकाच नावाखाली तीन वेगवेगळे दावे दडलेले आहेत, असे त्यांनी दाखवले. शासन, अर्थव्यवहार, विज्ञान, न्याय ही क्षेत्रे धर्मसंस्थेच्या ताब्यातून सुटतात, हा पहिला दावा. लोकांची श्रद्धा आणि आचरण घटते, हा दुसरा. धर्म घराच्या आत, खासगी जीवनात मावळतो, हा तिसरा. पहिला दावा पुष्कळ अंशी टिकला. तिसरा दावा १९७९ च्या घटनांनी मोडीत काढला. दुसऱ्याचे उत्तर प्रदेशागणिक वेगळे आहे.

इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण २००१ मध्ये ७१.७ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४६.२ टक्क्यांवर आले. त्याच काळात 'कोणताही धर्म नाही' असे लिहिणारे १४.८ वरून ३७.२ टक्के झाले. दक्षिण कोरियात २०१५ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांनी आपण कोणत्याही धर्माचे नसल्याचे सांगितले. याउलट सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण १९१० च्या सुमारास दहा टक्क्यांच्या आत होते, ते शंभर वर्षांत साठ टक्क्यांच्या पुढे गेले. अमेरिका ही दीर्घकाळ कोड्यात टाकणारी जागा होती, कारण ती श्रीमंत, सुशिक्षित आणि तरीही धार्मिक होती. तेथे धर्माशी नाते न सांगणारे २००७ मध्ये सुमारे १६ टक्के होते आणि २०२३-२४ पर्यंत २९ टक्के झाले. मात्र अगदी अलीकडच्या वर्षांत ही वाढ मंदावल्याचेही दिसते.

या फरकांचे कारण सांगणारे दोन मोठे विचारप्रवाह आहेत. पिप्पा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी २००४ मध्ये असे मांडले की आजारपण, भूक, हिंसा यांची भीती जिथे कमी होते तिथे धर्माची गरज कमी होते. म्हणजे निर्णायक गोष्ट शिक्षणापेक्षा सुरक्षितता आहे. दुसरा प्रवाह धर्माकडे बाजारपेठेसारखे पाहतो : जिथे शासनाने एका धर्मसंस्थेला मक्तेदारी दिली तिथे ती सुस्तावते आणि लोक दूर जातात, जिथे अनेक संस्थांना अनुयायी मिळवण्यासाठी झटावे लागते तिथे धर्म जोमदार राहतो. मला पहिला प्रवाह अधिक पटतो. दुसरा अमेरिका आणि पश्चिम युरोप यांची तुलना करण्यापुरता चांगला चालतो, पण एकाच चर्चचे दीर्घकाळ वर्चस्व असूनही श्रद्धेने ओथंबलेल्या पोलंडसारख्या देशापाशी अडखळतो.

मग आकडेवारीवर विश्वास ठेवावा की नाही?

ठेवावा, पण प्रश्नावली हातात घेऊन. नेमका काय प्रश्न विचारला होता, हे पाहिल्याशिवाय धर्मविषयक एकही टक्केवारी पुढे पाठवू नये.

जपानमधील धार्मिक संस्थांनी शासनाला कळवलेल्या अनुयायांची बेरीज केली तर ती देशाच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी जास्त भरते, कारण एकच व्यक्ती शिंतो देवस्थानाच्या आणि बौद्ध मंदिराच्या अशा दोन्ही हिशोबांत धरली जाते. त्याच देशात 'तुमचा धर्म कोणता' असे विचारले की बहुसंख्य लोक 'कोणताही नाही' असे उत्तर देतात, आणि तेच लोक नववर्षाच्या दिवशी देवस्थानासमोर रांगेत उभे असतात. यात कोणी खोटे बोलत नाही. आचरण आहे, आपलेपणाचा शिक्का नाही, आणि श्रद्धा कोणत्या प्रकारची आहे हे त्या प्रश्नाने विचारलेलेच नाही. डेन्मार्कमध्ये याच्या उलट स्थिती दिसते : सुमारे सत्तर टक्के लोक राष्ट्रीय चर्चचे सदस्य आहेत, सदस्यत्वाचा करही भरतात, पण रविवारच्या उपासनेला नियमित जाणारे अगदी थोडे. ग्रेस डेव्ही यांनी १९९४ मध्ये ब्रिटनविषयी लिहिताना मानणे आणि सदस्य असणे या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटू शकतात, हे स्पष्टपणे मांडले; डेन्मार्कचे उदाहरण पाहता हे सुटणे दोन्ही दिशांनी होते, असे म्हणावे लागते.

लोक स्वतःविषयी जे सांगतात आणि जे करतात त्यांतही अंतर असते. अमेरिकेत सुमारे चाळीस टक्के लोक आपण दर आठवड्याला चर्चला जातो असे सांगत असत. संशोधकांनी १९९३ मध्ये प्रत्यक्ष उपस्थिती मोजली, तेव्हा ती जवळपास निम्मी भरली. या अंतराकडे केवळ फसवणूक म्हणून पाहणे उथळपणाचे ठरेल. 'मी जातो' असे सांगणारा माणूस बहुधा 'मी जाणाऱ्यांपैकी आहे' असे सांगत असतो, आणि तेही अभ्यासकाच्या कामाचे आहे.

प्रश्नातील एखाद्या शब्दानेही निकाल बदलतो. ब्रिटनमध्ये 'तुमचा धर्म कोणता?' असे विचारणारी जनगणना आणि 'तुम्ही स्वतःला एखाद्या विशिष्ट धर्माचे मानता का?' असे विचारणारी सामाजिक पाहणी यांचे निष्कर्ष वेगळे येतात. दुसऱ्या पाहणीत धर्म नसलेल्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक निघते, कारण पहिला प्रश्न धर्म असणारच हे गृहीत धरून विचारलेला असतो.

'मी आध्यात्मिक आहे, पण धार्मिक नाही' असे म्हणणाऱ्यांचा अभ्यास कसा करावा?

हा गट खरा आहे, पण त्याच्या आकाराविषयी सावध राहावे. पॉल हीलास आणि लिंडा वुडहेड यांनी या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील केंडल या गावाचा बारकाईने अभ्यास केला. एका आठवड्यात चर्चला जाणारे ७.९ टक्के आढळले, तर योग, ध्यान, ऊर्जोपचार अशा उपक्रमांत सहभागी होणारे १.६ टक्के, आणि या दुसऱ्या गटात सुमारे ऐंशी टक्के स्त्रिया होत्या. संघटित धर्म सोडणारा प्रत्येक जण अध्यात्माकडे जातो, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. अनेक जण कशाकडेच जात नाहीत.

धर्म समाजाला जोडतो की तोडतो?

दोन्ही करतो, आणि पुष्कळदा एकाच कृतीने करतो, कारण 'आपण' म्हणताना 'ते'ही घडत असतात. एवढे सांगून मात्र थांबू नये. केव्हा जोडतो, केव्हा तोडतो आणि कोणत्या परिस्थितीत, हे शोधणे अभ्यासकाचे काम आहे.

अमेरिकेतील बॅप्टिस्ट संघटना १८४५ साली गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटली. दोन्ही बाजूंचा ग्रंथ एक, उपासना एक, बाप्तिस्म्याची पद्धत एक. गुलाम बाळगणाऱ्यांनी त्याच ग्रंथातील वचने आधाराला घेतली आणि गुलामगिरीच्या विरोधकांनीही त्याच ग्रंथातील. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९५५-५६ मध्ये, माँटगोमेरी शहरातील कृष्णवर्णीय नागरिकांनी वर्णभेदी बससेवेवर ३८१ दिवस बहिष्कार टाकला, तेव्हा सभा चर्चमध्येच भरत, निधी चर्चमध्येच गोळा होई आणि प्रवासासाठी पर्यायी गाड्यांची आखणीही तेथूनच होई. भाषणे आणि गीते यांची आठवण सर्वांना असते. अभ्यासकाने त्याबरोबरच हे पाहावे की चर्च ही त्या समाजाच्या स्वतःच्या मालकीची, गोऱ्या मालकांवर अवलंबून नसलेली जवळपास एकमेव मोठी संस्था होती. श्रद्धेने धैर्य दिले आणि संस्थेने जागा, पैसा व माणसे दिली. यांपैकी एकच घटक उचलून त्या चळवळीचे यश समजावता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेतही अशीच दुहेरी कथा घडली. वंशभेदाच्या राजवटीला डच रिफॉर्म्ड चर्चने धर्मशास्त्रीय समर्थन पुरवले, तर डेझमंड टूटू यांच्यासारखे ख्रिस्ती धर्मगुरूच तिच्या विरोधातील सर्वांत ठळक आवाजांपैकी होते. जगभरातील रिफॉर्म्ड चर्चच्या महासंघाने १९८२ साली वंशभेदाचे समर्थन हा पाखंड असल्याचे जाहीर केले आणि संबंधित चर्चचे सदस्यत्व स्थगित केले. 'धर्माचा यात दोष आहे का' असा सरसकट प्रश्न येथे विचारला तर हाती काही लागत नाही. कोणता अर्थ, कोणी, कोणाच्या हितासाठी लावला आणि त्याला आव्हान देणारे त्याच परंपरेत कोण होते, असे विचारले की इतिहास बोलू लागतो.

उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या करारापर्यंत सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली. दोन्ही बाजूंना कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशी नावे होती, पण भांडण धर्मसिद्धांतांवरून नव्हते. ते भूमी, नागरी हक्क, घरे, नोकऱ्या आणि कोणत्या राष्ट्राचे म्हणवायचे यांवरून होते. म्हणून धर्माचा काहीच संबंध नव्हता, असे म्हणणेही तितकेच चूक आहे. मुलांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, परस्परांत विवाह क्वचितच होत, आणि ही विभागणी पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवण्याचे काम धर्माच्या चौकटीनेच केले. आपलेपणाची कड धारदार असण्यासाठी श्रद्धा उत्कट असावीच लागते असे नाही, हे या दुःखद उदाहरणातून दिसते.

धर्मनिरपेक्ष शासन सर्वत्र एकाच प्रकारचे असते का?

नाही. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने चर्च आणि शासन वेगळे केले, आणि २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हे परिधान करण्यावर बंदी घातली. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ ची पहिली दुरुस्ती शासनाला धर्मस्थापना करण्यापासून रोखते आणि त्याच वाक्यात धर्माचरणाचे स्वातंत्र्यही राखते, त्यामुळे तेथे तशी बंदी टिकणे अवघड आहे. तुर्कस्तानने १९२४ मध्ये खिलाफत रद्द केली आणि त्याच दिवशी मशिदींचा कारभार पाहणारी सरकारी यंत्रणा उभी केली, म्हणजे धर्माला शासनापासून तोडण्याऐवजी शासनाच्या हाताखाली घेतले. जर्मनीत शासन चर्चसाठी सदस्यांकडून कर गोळा करते. इंग्लंडमध्ये अधिकृत चर्च आहे आणि वरिष्ठ सभागृहात २६ बिशपांना जागा आहेत, तरीही दैनंदिन व्यवहारात तो समाज अनेक घोषित धर्मनिरपेक्ष देशांपेक्षा कमी धार्मिक आहे. घटनेतील शब्द वाचून समाजाचा अंदाज बांधू नये.

वेबर यांचा प्रॉटेस्टंट नीतीविषयीचा सिद्धांत आज ग्राह्य धरतात का?

प्रश्न म्हणून तो अजून ताजा आहे. उत्तर म्हणून त्यात बरीच दुरुस्ती झाली आहे. वेबर यांनी १९०४-०५ मध्ये असे सुचवले की काही प्रॉटेस्टंट पंथांतील शिस्त, काटकसर आणि व्यवसाय हीच ईश्वरसेवा मानण्याची वृत्ती यांमुळे आधुनिक भांडवलशाहीला पोषक अशी मनोरचना तयार झाली. साशा बेकर आणि लुडगर व्योसमान या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकोणिसाव्या शतकातील प्रशियाची जिल्हावार आकडेवारी तपासली आणि वेगळे कारण पुढे आणले : प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे या आग्रहामुळे प्रॉटेस्टंट भागांत साक्षरता वाढली, आणि आर्थिक फरकाचा मोठा भाग त्या साक्षरतेने स्पष्ट होतो. या उत्तराने धर्म गौण ठरतो असे नाही. धर्माने केलेले काम हेतूपेक्षा वेगळ्याच जागी फळाला आले, असे त्याचे वाचन करता येते.

स्त्रिया आणि धर्म यांविषयी कोणते प्रश्न विचारले जातात?

अनेक ख्रिस्ती समाजांत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक धार्मिक आढळतात आणि अधिकारपदे मात्र बराच काळ पुरुषांकडे राहिली आहेत. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना पुरोहितपद १९९४ मध्ये आणि बिशपपद २०१५ मध्ये मिळाले. इस्लाम आणि सनातनी यहुदी परंपरेत सामूहिक उपासनेला पुरुषांची उपस्थिती जास्त असते, कारण ते कर्तव्य मुख्यतः त्यांच्यावर ठेवलेले आहे. येथेही उपस्थितीवरून श्रद्धा मोजू नये.

सबा महमूद यांनी कैरोतील मशिदींत धर्माभ्यासासाठी एकत्र येणाऱ्या स्त्रियांमध्ये क्षेत्रकार्य, म्हणजे त्यांच्यात प्रत्यक्ष वावरून अभ्यास, केले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. या स्त्रिया नम्रता आणि संकोच हे गुण कष्टपूर्वक अंगी बाणवत होत्या. त्यांना दडपलेल्या म्हणणे किंवा छुप्या बंडखोर म्हणणे ही दोन्ही वर्णने महमूद यांना अपुरी वाटली. स्वतःला घडवण्याची धडपड प्रस्थापित नियम मोडण्यातूनच दिसते, हे आपलेच गृहीतक त्यांनी तपासायला घेतले. त्यांच्याशी असहमत होणारे पुष्कळ आहेत, आणि त्या असहमतीतही वजन आहे. पण ज्यांचा अभ्यास करतो त्यांच्याकडून आपली गृहीतके तपासून घेण्याचे हे धैर्य प्रत्येक अभ्यासकाने पाहून ठेवावे.

इंटरनेटने धर्मात काय बदल केला?

सर्वांत मोठा बदल अधिकारात झाला. पूर्वी शंका विचारायला जवळचा धर्मगुरू असे. आता दूरदेशीच्या दहा जणांची परस्परविरोधी उत्तरे एका शोधात मिळतात, आणि निवड विचारणाऱ्याकडे येते. २०२० च्या महासाथीत उपासनास्थळे बंद झाली तेव्हा दुसरा प्रश्नही उघड झाला : कोणता विधी पडद्यावरून होऊ शकतो आणि कोणत्या विधीला शरीराने हजर असणे अनिवार्य आहे? प्रवचनाला अडचण आली नाही. स्पर्श, सहभोजन, यात्रा आणि अंत्यविधी यांना आली. विधी म्हणजे काय याविषयी ग्रंथांत वाचून जे कळत नाही, ते त्या वर्षाने अनेकांना शिकवले.

क्षेत्रकार्यात कोणती नैतिक बंधने पाळावी लागतात?

आपण अभ्यासक आहोत हे सांगावे, संमती घ्यावी, नावे आणि ओळख पटेल असे तपशील लपवावेत. अमेरिकेत १९५४ मध्ये जगबुडीची वाट पाहणाऱ्या एका लहान गटात संशोधकांनी खोटी ओळख सांगून आपली माणसे घुसवली होती. भाकीत खोटे ठरल्यावर श्रद्धा कशी टिकते याविषयीचा त्यांचा निष्कर्ष जगभर गाजला. पण गट लहान होता आणि त्यातले काही सदस्य निरीक्षकच होते. मग जे घडले त्यातले किती त्यांच्या उपस्थितीमुळे घडले, हा प्रश्न राहतोच. म्हणजे तेथे फसवणुकीने माणसांचा अवमान झाला आणि पुरावाही गढूळ झाला.

जे पवित्र मानले जाते त्याची छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. परवानगी नाकारली गेली तर नकाराचे कारण विनम्रपणे विचारावे. त्या उत्तरातून पुष्कळ कळते.

आपल्याच धर्माचा अभ्यास आपण करावा का?

करावा, पण केवळ तेवढाच करू नये. माक्स म्युलर यांनी १८७० मधील लंडनच्या व्याख्यानांत असा विचार मांडला होता की ज्याला एकच धर्म माहीत आहे त्याला एकही माहीत नाही. आतल्या माणसाला भाषा, खुणा आणि शांततेचे अर्थ कळतात. मात्र ज्याची सवय झाली आहे ते त्याला दिसत नाही. बाहेरच्याला ते पहिल्याच दिवशी दिसते, पण त्याचा अर्थ लागायला वर्षे जातात. दुसऱ्या परंपरेत काही महिने घालवून परत आलेला अभ्यासक आपल्या परंपरेकडे नव्या नजरेने पाहतो, हे मी विद्यार्थ्यांच्या लेखनात अनेकदा पाहिले आहे.

सुरुवात कोठून करावी?

एका लहान जागेपासून. जगातील धर्माचे भवितव्य हा विषय पहिल्या वर्षी घेऊ नये. एक उपासनास्थळ, एक वाचनमंडळ, एक अंत्यविधी करणारी संस्था, किंवा धर्म सोडलेल्या माणसांचा एखादा गट निवडावा आणि निदान सहा महिने नियमित जावे. रोज तीन रकान्यांत नोंद ठेवावी : आज लोकांनी काय केले, त्याचे कारण त्यांनी काय सांगितले, आणि स्वतःचा उल्लेख त्यांनी कोणत्या शब्दांनी केला. पहिल्या महिन्यात तिन्ही रकाने एकमेकांशी जुळल्यासारखे वाटतील. साधारण तिसऱ्या महिन्यापासून ते जुळेनासे होतील. त्या दिवसापासूनच्या नोंदी अधिक जपून, तारखेसह आणि शक्य तितक्या माणसांच्या स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात.